कोडोलीचा गूळ आणि मोंबासाचं उत्तर

हिंडलो त्या बहुतेक गावांवर मी थोडंफार लिहिलं आहे. ओळखीचे लोक कधीकधी विचारतात, "कोल्हापूरवर कसं नाही लिहिलंत? तिकडे तर तुम्ही कामानिमित्त राहून आलात." मी सांगतो, कोल्हापूरवर सगळ्यांनीच लिहिलंय, मी आणखी काय वेगळं सांगणार? हे उत्तर खोटं आहे, आणि मी ते इतकी वर्षं दिलं की आता ते तोंडात आपोआप येतं. सांगण्यासारखं भरपूर होतं. ते सांगितलं असतं तर त्यात मीही आलो असतो, म्हणून टाळलं. आता वय झालं. डोळ्यांचं एक ऑपरेशन झालंय, दुसरं व्हायचंय. त्याआधी लिहून टाकतो.

शतक नुकतंच बदललं होतं. मी तेव्हा पुण्यातल्या एका लहानशा संस्थेत होतो. गरीब देशांतल्या शेतकऱ्यांनी आपला माल इंटरनेटवरून एकमेकांना आणि जगाला थेट विकावा, मधल्या मोठ्या शहरांतल्या मोठ्या पेढ्यांवर अवलंबून राहू नये, असा आमचा खटाटोप. कुठल्या देशाची कॉफी, कुठले काजू, कुठली लवंग. आमच्या वाट्याला गूळ होता. संकेतस्थळावर फोटो होते, माहिती होती, फक्त व्यवहार एकही नव्हता. आणि महिनाअखेर परदेशातून पाहुणे यायचे होते. संस्था चालू ठेवायची की बंद करायची, ते ठरवायला. मी पन्नाशी ओलांडलेली. दुसरीकडे कोण घेणार, या विचाराने माझी झोप गेली होती.

अशात आफ्रिकेतल्या मोंबासाहून एक मेल आली. तिथल्या एका कच्छी दुकानदाराने आमच्या फोटोंतला गूळ पाहिला होता. त्याला पूर्ण एक कंटेनर हवा होता, पण अर्ध्या किलोच्या ढेपांत, कागदात गुंडाळलेला. मी उलट लिहिलं, गूळ देतो, आपली पक्की मागणी कळवा. आणि त्याच्या उत्तराची वाट न पाहता बॅग भरली.

जयसिंगपूर

गाडीतून आधी जयसिंगपूरला उतरलो, कारण तिथे बसाण्णा राहत. त्यांचं कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान होतं. आमचा पत्रव्यवहार होता, गाठ पहिलीच. घरात सगळे कानडीत बोलत आणि माझ्याकडे वळले की मराठीत. बसाण्णांच्या आईला सगळे अव्वा म्हणत. अव्वांनी पाटावर बसवून कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि कांदा वाढला. मी मूळचा वऱ्हाडातला. आमच्याकडे पाहुण्याने नको म्हटलं तर दोनदा आग्रह करून सोडतात. इथे विचारतच नाहीत. मी ताटावर हात आडवा धरला तर अव्वांनी तो हात बाजूला सारला आणि भाकरी टाकली.

जेवण झाल्यावर बसाण्णांनी भडंगाची परात मधे ठेवली आणि म्हणाले, "आता बोला. गूळ न बघता, न चाखता घेणारा ह्यो कोण गडी हाय?"

"फोटो बघून मागवतोय."

"फोटो बघून पोरगी बघायला जात्यात ओ, लगीन न्हाई लावत!" ते इतके मोठ्याने हसले की आत अव्वाही हसल्या.

मग गंभीर झाले. म्हणाले, "एक सांगतो, पावणं. आमच्या सौद्यात मोठा रवा चालतो. बादलीएवढा. बारक्या ढेपा किरकोळ दुकानदार चार-दोन घेतील, पण गाडीभर ढेपा घिऊन आलासा तर बोली कोण लावणार न्हाई. आनि बारकं परत वितळवून मोठं करायचं म्हटलं तर रंग जातो. गुळाला दुसरी आग सोसत न्हाई."

"तुम्ही कुणाचं गुऱ्हाळ सुचवाल?"

"शांताक्का. कोडोलीची. तिचा रवा सौद्यात आला की घेणारा चाखत न्हाई. सरळ बोली. यार्डात असा मान असलेली तीन-चारच मानसं असतील, त्यात बाई हीच. तिचं नाव हाय बाजारात. तेवढं सांभाळा म्हणजे झालं."

मी म्हणालो, "त्याची काळजीच करू नका." इतक्या सहज म्हणालो, की आजही ते वाक्य माझ्या कानांत वाजतं.

कोडोली

कोल्हापूरहून एस.टी. जोतिबाचा डोंगर उजव्या हाताला ठेवून वाघबीळवरून कोडोलीकडे उतरते. खिडकीतून आधी ऊस दिसतो, नंतर गोड धूर येतो, मग गुऱ्हाळ दिसतं. चुलाणात चिपाडं ढकलणारे गडी, वर घराच्या खोलीएवढी काहील, तिच्यात उकळणारा रस आणि इंजिनाची फटफट. माझ्या पायात बूट होते. पहिल्याच मिनिटाला मळीच्या घाणीत बूट असा रुतला की पाय बाहेर आला आणि बूट आत राहिला.

"ऱ्हाऊ द्या तो तिथंच, नैवेद्य म्हणून!" काहिलीवरून कोणी ओरडलं. ते दस्तगीरभाई, तिथले गुळव्या. गुळव्या म्हणजे रस कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस. उंच, शिडशिडीत, डोक्याला मफलर आणि तोंड अखंड चालू.

शांताक्का पन्नाशीच्या. उसाची गाडी अंगावर पडून नवऱ्याचं चालणं बंद झालं, तेव्हापासून गुऱ्हाळ त्याच बघत. तिकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असं बोलतात, ते मला पहिल्यांदा ऐकताना गमतीचं वाटलं.

"कुठनं आलायसा? पुन्याहून? बसा की. आधी रस घ्या, मग काय ते बोला. गुऱ्हाळावर आलेला मानूस सुक्या तोंडानं जात न्हाई."

रस झाला, कोमट काकवी झाली, तीत बुडवलेल्या शेंगा झाल्या. मी कामाचं बोलायला लागलो की त्या हात करून थांबवत आणि आणखी काही पुढे ठेवत. शेवटी ऐकून घेतलं.

"आफ्रिकेत खात्यात गूळ?"

"तिथे आपले लोक आहेत."

"आनि कागदावर काय छापायचं?"

मी सोबत नमुन्याचा कागद नेला होता. पिवळ्यावर लाल अक्षरं: शांताक्का, कोडोली. त्यांनी तो हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला.

"माझं नाव? मालकांचं न्हाई?"

"गूळ तुमचा आहे."

"दस्तगीरभाई, बघा ओ!" त्यांनी कागद उंच धरला.

"व्हय व्हय, आता आफ्रिकेतले वाघ बी तुमाला ओळखनार," दस्तगीरभाई म्हणाले.

त्या हसल्या, आणि कागद घडी करून कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "करतो मी. माझा उसाचा शेवटचा फड उभा हाय, सगळ्यात चांगला. तो ह्यासाठी ठेवतो. पन एक. त्या मानसाचं पक्कं उत्तर आल्याबिगर मी साच्यात गूळ वतनार न्हाई. एकदा बारका झाला की माझ्या हातातनं गेला. पटतंय?"

"पटतंय," मी म्हणालो.

सुताराने लाकडी साचे करायला घेतले. मी शांताक्कांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, मुक्काम ठोकला.

कोल्हापूर, रोज

कोडोलीत तेव्हा नेटची सोय मला मिळाली नाही. मी रोज सकाळी एस.टी.ने कोल्हापूरला जायचो. राजारामपुरीत एक एसटीडी बूथ होता, त्याच्या मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर. बूथ चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. त्या स्वेटर विणत बसत आणि गिऱ्हाइकांच्या फोनवरच्या भांडणांत स्वतःचं मत देत.

"आलं का ओ तुमच्या मोंबाश्याचं?" त्या दारातच विचारत.

मोडेमचा कर्कश आवाज, मग शांतता, मग पडद्यावर इंचाइंचाने उतरणारं पान. पत्रपेटीत पुण्याच्या साहेबांची मेल रोज असे: 'काय झालं? पाहुणे येत आहेत.' मोंबासाहून काही नाही.

समोरच्या हॉटेलात मिसळ खायचो. तिथला कट तिखट. पाव संपला की न विचारता दुसरा येई. शेजारचा अनोळखी माणूस म्हणे, "घाम पुसा की पावणं, रश्शात पडतोय." मला हसू यायचं नाही. मी पुन्हा बूथवर जायचो, पुन्हा बघायचो.

संध्याकाळी परतलो की गुऱ्हाळावरून प्रश्न यायचा, "आलं का उत्तर?" मी मान हलवायचो. शांताक्का म्हणायच्या, "येईल की. एवढ्या लांबनं यायचं म्हंजे." आणि त्या दिवसाचा गूळ नेहमीसारखा मोठ्या रव्यांत ओतायच्या.

त्यांना घाई नव्हती. मला होती. पण हळूहळू घाई सगळ्यांनाच आली. बाकीचा ऊस संपला. राखून ठेवलेला शेवटचा फड तोडायला घेतला. तोडलेला ऊस थांबत नाही, वाळतो. दस्तगीरभाईंना आणि त्यांच्या माणसांना पलीकडच्या गावातलं गुऱ्हाळ गाठायचं होतं. उद्या रस निघणार, असं एका संध्याकाळी ठरलं.

त्या दिवशी मी पहिल्या एस.टी.ने निघालो. बूथवर वहिनी हात झाडत म्हणाल्या, "आज न्हाई लागत ओ. सकाळपास्नं नेटची लाइन बसलीय, फोन तेवढं लागत्यात. टेलिफोनवाल्यास्नी सांगितलंय."

"कधी लागेल?"

"त्ये त्येच सांगतील तर सोनं. दुपारी बघा."

दुपारी बघितलं. नव्हती. मी शहरात आणखी दोन ठिकाणी गेलो, तिथेही तेच. मग एस.टी. स्टँडवर उभा राहिलो. कोडोलीची गाडी लागली होती. तिच्यात न बसता थांबायला हवं होतं. शांताक्कांना बूथवरून निरोप पाठवता आला असता, गावातल्या एका दुकानात फोन होता. 'उत्तर नाही, रवेच ओता' एवढंच सांगायचं होतं. मी गाडीत चढलो.

उतरलो तेव्हा काहील उकळत होती. इंजिनाच्या आवाजात शांताक्का ओरडल्या, "आलं का उत्तर?"

मी जवळ गेलो. साचे ओले करून ओळीने मांडले होते. शेजारी नेहमीच्या बादल्याही होत्या. दोन्ही तयारी करून ठेवली होती त्यांनी. दस्तगीरभाईंनी पळीतला पाक गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी केली, आणि प्रथमच त्यांच्या आवाजातली मस्करी गेली.

"झालं बघा. आत्ता बोला. मोठं का बारकं? ही काहील माझ्यासाठी थांबायची न्हाई."

गडी काहिलीला लागले होते. शांताक्का माझ्याकडे बघत होत्या. माझ्या मनात पुण्याला येणारे पाहुणे होते, साहेबांची मेल होती, आणि उद्या उत्तर येणारच, अशी एक आंधळी खात्री होती.

"आलं," मी म्हणालो. "पक्कं आहे. बारकं ओता."

"वता रं!" त्या म्हणाल्या.

सोनेरी पाक गार करायच्या उथळ वाफ्यात उतरला, गार होत होत साच्यांत गेला. इतका सुंदर गूळ मी पुन्हा पाहिला नाही. त्या दिवशी आणखी काहिली उतरल्या, शेवटची रात्री उशिरा. प्रत्येक वेळी गोळी पाण्यात पडली, प्रत्येक वेळी मला तोंड उघडता आलं असतं. पण आता मला कुणी विचारत नव्हतं. मोठं का बारकं हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने मिटला होता.

राजारामपुरी

सकाळी लाइन लागली होती. मेल आलेली होती. आदल्या दिवशीच आलेली. दुकानदाराने फार सभ्यपणे लिहिलं होतं. लहानपणी आजोळी कच्छात खाल्लेल्या कोल्हापुरी गुळाची आठवण काढली होती. आणि पुढे: भावाचं म्हणणं आहे, की आधी नमुना पाहावा. दोन ढेपा टपालाने पाठवा. पसंत पडला तर घेऊच. तोवर कृपा करून माझ्यासाठी म्हणून वेगळं काही बनवू नका.

"आलं की ओ!" वहिनी मागे येऊन उभ्या होत्या. इंग्रजी त्यांना वाचता येत नसावं. "पेढं द्या आता."

मी पेढे आणून दिले. त्यांनी विणकाम बाजूला ठेवून आनंदाने खाल्ले.

कोडोलीला परतलो, तेव्हा गुऱ्हाळाच्या छपराखाली बायका गोल बसून ढेपा कागदात गुंडाळत होत्या. हजारो पिवळे कागद, हजारो वेळा शांताक्कांचं नाव. खरं सांगायची ती शेवटची चांगली वेळ होती. नमुना पाठवून थांबता आलं असतं. पण 'आधी नमुना हवा' म्हणायचं, तर काल कसलं उत्तर आलं होतं, हा प्रश्न आलाच असता. मी म्हणालो, "शांताक्का, गिऱ्हाइकानं शब्द फिरवला. नको म्हणतोय."

बायकांचे हात थांबले.

"नको म्हंजे?" त्या म्हणाल्या. "कालच व्हय म्हटला न्हवं?"

"काल हो म्हटला. आज नाही."

दस्तगीरभाईंनी त्या न पाहिलेल्या माणसाला एक कचकचीत शिवी दिली. शांताक्का पुढे झाल्या. गुंडाळलेली एक ढेप उचलली आणि तिचा कागद सोडवायला लागल्या. फाटू नये म्हणून हळू. मग बाकीच्या बायकांनीही सुरुवात केली. मला बसवेना. मीही बसलो आणि कागद काढू लागलो. शेजारची म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सायेब, तुमचा काय दोष?"

दस्तगीरभाई दुसऱ्या गावी जायचे थांबले. ढेपा फोडून पुन्हा काहिलीत गेल्या. तो गूळ वितळताना त्यांनी एकही विनोद केला नाही. रवे झाले, पण सोन्याचा रंग जाऊन तांबूस काळपट आला, आणि वासाला किंचित करपट.

मार्केट यार्ड

सौद्याला मी जायला नको होतं. गेलो. बसाण्णांच्या दुकानाच्या खांबाआड उभा राहिलो. रव्यांच्या ओळी लागलेल्या. घेणारे एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर घोळक्याने सरकतात, बोली चढत जाते, सगळं धावत्या ओरडण्यात. शांताक्का आपल्या ओळीपाशी डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. घोळका तिथे आला आणि थांबला. आवाज थांबला.

एका व्यापाऱ्याने बसाण्णांकडे पाहिलं, मग शांताक्कांकडे. त्याचीच पंचाईत झालेली दिसली. मग तो वाकला, रव्याचा कोपरा खुरपीने उडवला आणि तुकडा हातात घेऊन उभा राहिला. तोंडात टाकेना.

"चाखा की," शांताक्का म्हणाल्या. "हक्क हाय तुमचा."

त्याने चाखला. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनीच. कुणी काही वाईट बोललं नाही. बोली लागली, बरीच खाली, आणि घोळका पुढे गेला. बसाण्णा माझ्याजवळ आले. मला ते ओरडतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "पुढच्या वर्सापास्नं चाखतील आता. एकदा चाखायला लागलं की सोडत न्हाईत."

स्टेशनवर शांताक्का आल्या होत्या. माझ्या बायकोसाठी काकवीची बाटली घेऊन. मी ती घेतली. "लई मनाला लावून घिऊ नगा," त्या म्हणाल्या. "तुमास्नी बी फसवलंच की त्या मानसानं."

गाडी हलली. मी हात जोडले. त्यांना वाटलं, निरोपाचे.

नंतर

पुण्यात पाहुण्यांना मी सांगितलं की एक व्यवहार अगदी शेवटच्या टप्प्यावर फिसकटला. त्यांनी माना हलवल्या, संस्था आणखी काही काळ चालली. मोंबासाहून पुन्हा मेल आली: नमुना मिळाला नाही, वाट पाहतो आहे. मी लिहिलं, गूळ संपला. त्याने चांगल्या मनाने लिहिलं, पुढच्या हंगामात नक्की. त्यालाही मी पुढे उत्तर दिलं नाही. कोडोलीत मात्र तो आजही शब्द फिरवणारा माणूस आहे.

बऱ्याच वर्षांनी बसाण्णांकडून शांताक्कांचा नंबर घेतला. लेकीकडे असतात, म्हणाले, गुऱ्हाळ बंद केलं. फोन लावला. आवाज तोच, खणखणीत.

"कोन? पुन्याचं सर? अगं बया! जेवलासा का?"

मी म्हणालो, जेवलो. त्यांनी मालक गेल्याचं सांगितलं, दस्तगीरभाई थकल्याचं सांगितलं, नातीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. मग हसत म्हणाल्या, "त्यो आफ्रिकेवाला कधी भेटला का ओ? भेटला तर सांगा, शांताक्का अजून शिव्या घालती म्हनावं."

मी वाक्य तयार करून बसलो होतो. समोर कागदावर लिहूनसुद्धा ठेवलं होतं. तिकडे कुणीतरी त्यांना हाक मारली. "आलो आलो," त्या म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "बोला की सर, काय म्हनत होतासा?"

मी म्हणालो, "काही नाही. तब्येत सांभाळा."

म्हणायचं होतं ते असं: शांताक्का, त्या माणसाला शिव्या देऊ नका. त्या दिवशी उत्तर आलंच नव्हतं. तुम्ही मला विचारलंत, आणि मी खोटं बोललो. मला माफ करा.